मूळ

जानेवारीतला रविवार. साडेनऊचं ऊन
डेलियाच्या वाफ्यावर पोचलं, तेव्हा
तीही पोचली.
मागच्या नाल्यातून, कुंपणाच्या तारेखालून,
पोट जमिनीला घासत, कुणाला न विचारता.

डेलियाला मी सगळं विचारते.
मावा पडला का, सुतळी काचते का.
त्याच्या बुंध्याशी पाटी आहे, माझ्या अक्षरातली:
जांभळा, ताटलीएवढा, दुसरं बक्षीस,
तीन वर्षं लागोपाठ.
तिच्या गळ्याशी नुसत्या सुरकुत्या,
वाळत घातलेल्या पायमोज्यासारख्या सैल.

डेलिया तो, घोरपड ती.
एवढं व्याकरणानं आधीच वाटून दिलेलं.

मी चष्मा पुसून जवळ गेले.
बारीक काम दोघांकडे सारखंच होतं:
पाकळीच्या कुशीत पाकळी, खवल्याला खेटून खवला,
कुठंही हात घाईनं फिरलेला नाही.
तो समुद्रापलीकडून आलेला, कागदात गुंडाळून, पैसे मोजून.
ती इथलीच. आमच्या त्रिमूर्तीनगरात
प्लॉट पडायच्या आधीपासूनची असेल.
शाळेत सांगायचे, ती दोर घेऊन गड चढते.
माझ्यासमोर तिनं फक्त जीभ काढली,
दुभंगलेली, निळसर,
आणि हुमणी शोधता शोधता
दुसरं बक्षीस मुळासकट आडवं केलं.

सहारे गच्चीवरून ओरडले, "काठी आणू का वहिनी?"
मी नको म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
फोन लावला.

वनरक्षक प्रणाली उईके, वय असेल सव्वीस,
पोतं, हातमोजे, आणि शांत आवाज.
"हलू नका काकू. ते काही करत नाही,
आपणच करतो."
वाघ ज्या यादीत, त्याच यादीत हिचंही नाव, म्हणाली.
मला हसू आलं. वाघाला पाहायला लोक
पहाटे उठून जिप्सी करतात.

मग ती पाणी प्यायला आत आली
आणि देवघरापाशी थांबली.
"हे कुठून आणलं?"

चांदीची डबी. शेंदरात बुडवलेली हत्थाजोडी.
ह्यांनी इतवारीतून आणली, दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला.
दुकान गेलं, मग हेही गेले,
डबी राहिली.
"मूळ आहे ते," मी म्हटलं, "विंध्यातलं.
बघ, जोडलेले हात."

"मूळ नाही काकू."
नर घोरपडीचं काय असतं ते
तिनं एका शब्दात सांगितलं
आणि खिडकीबाहेर पाहत राहिली, माझ्यासाठी.

ग्लास माझ्याच हातात राहिला.
चाळीस वर्षं मी कंद ओळखते.
अंधारात मातीत हात घालून सांगेन
डोळा कुठं फुटेल.
आणि ह्याला बावीस वर्षं दर शनिवारी शेंदूर लावला,
एकदाही मनात आलं नाही
की ह्याला कोंब कसा नाही.
"ती"च्या आतही "तो" असतो,
आणि कुणीतरी तो कापून, वाळवून,
झाडाच्या नावावर खपवतो.
झाडाचं नाव घेतलं की मी काहीही विकत घेते,
हे त्याला बरं माहीत.

पंचनामा झाला. मी सही केली,
पत्ता लिहिताना पिनकोड चुकले.
पोतं जीपमध्ये गेलं, गोरेवाड्याकडे,
डबी कागदी पाकिटात, तिच्याच शेजारच्या सीटवर.

देवघरात एक गोल डाग उरलाय. घासला, निघत नाही.

एप्रिलमध्ये कंद काढले.
दरवर्षीसारखेच निघाले,
बोटांत बोटं गुंतवल्यासारखे, मातकट, गार.
दरवर्षी पाच मिनिटांत वाळूत रचून मोकळी होते.
यंदा एकेक उजेडात धरते,
मानेपाशी अंगठ्यानं चाचपते.
डोळा हाताला लागेपर्यंत
खाली ठेवत नाही.